उलटं ठेसन

रायबानं दिवाळीच्या किल्ल्याची माती आगगाडीला लावली, आणि तिथूनच घरात दोन तट पडले.

पासलीत अंगणात किल्ला करायचा तो तोरण्याचाच. दुसरा केला तर वर बसलेल्या तोरण्याला काय वाटेल, असं गेनबाचं म्हणणं. दरसाल तो ओट्यावर बसून हुकूम सोडायचा. बुधला माची हितं, झुंजार माची तितं, दरवाजा जरा वाकडा. माती कालवायची ती घरच्या बायकांनी. किल्ला मात्र गेनबाचा.

त्या साली, म्हणजे एकोणीसशे सत्तावीस साली, वसुबारसेला तो तोंड धुऊन बाहेर आला तर अंगणात लाल मातीचा डोंगर थापलेला. बुरूज नाही, तट नाही. डोंगराच्या कमरेला एक वाट कोरलेली आणि तिच्यावर कारवीच्या काड्यांचे तुकडे आडवे मांडलेले. धाकटा भाऊ रायबा उकिडवा बसून त्यावर रुळांसाठी बांबूची कांबटं बसवत होता.

"ह्ये काय चाललंय?"

"घाट हाय, दादा. भोरघाट. आमची लाईन."

"आरं, भोरला म्या कैकदा गेलोय. तितं कुठली आली आगगाडी?"

"भोरला न्हाईच ती. खंडाळ्याला हाय. नाव तेवढं भोरचं."

"मंजे नाव आमचं आन गाडी त्यांची."

एवढं एक गेनबा खरं बोलला. डोंगर फोडायला आमच्यासारख्यांचीच हाडं लागली, आणि आमच्या खोऱ्यात अजून बैलगाडीलाही धड वाट नव्हती. पण गेनबाचा राग त्यासाठी नव्हता. त्याचा राग किल्ल्यासाठी होता.

"तोरण्याखाली ऱ्हाऊन तू दिवाळीला आगगाडी करनार? मावळं कुठं ठेवायचं? डब्यात?"

"तोरणा रोजच दिसतो की, दादा. न दिसनारं करू म्हनलं औंदा."

न दिसणारं कुणाला दाखवायचं होतं, ते गेनबालाही ठाऊक होतं. रायबा खंडाळ्याच्या घाटात रूळ राखणारा ग्यांगमन होता. लाईनीच्या कडेला त्याला खोली होती. लग्न होऊन सहा वर्षं झाली तरी त्याची बायको भागूबाई पासलीतच होती आणि नवरा तिला दिवाळीला न् शिमग्याला भेटायचा, पाहुण्यासारखा. दर खेपेला रायबा म्हणायचा, हिला नेतो. दर खेपेला गेनबा म्हणायचा, भात निघू दे. भात निघालं की नाचणी, नाचणी निघाली की राब भाजायचे, राब भाजले की लावणी. भाताला काही अंत असतो का? बैल ठेवून घ्यायचा तर माणूस त्याचे दात बघतो, त्याला चालवून बघतो. भागूबाईला ठेवून घेताना तेवढीही तसदी कुणी घेतली नव्हती.

आणि यंदा गेनबानं नवं हत्यार काढलं होतं. ते होतं बोगदा.

थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. म्हणून दोघं बोलायची ती चंद्री म्हशीमार्फत. गेनबा गोठ्याकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाला, "चंद्रे, तुला ठावं हाय का? त्या बोगद्यात इंजिन शिरलं की अंधार गुडूप. आन भायेर आलं की डब्यातली एक बाई कमी. दरसाल घेतो बोगदा एकेक."

भागू शेण काढत होती. पदर डोक्यावरून पुढं ओढून तिनं चंद्रीच्या पाठीवर थाप मारली. "चंद्रे, बापय मानूस न्हाई का गं कमी व्हत? मग बोगदा लई चोखंदळ म्हनायचा."

"म्हशीला सांग, चेष्टा नको!"

"चंद्रे, चेष्टा नको गं," भागू म्हणाली आणि पाटी उचलून गेली.

*

खरं सांगायचं तर भागूला बोगद्याचं भय नव्हतं. तिला भय होतं ते भलतंच. नवऱ्याच्या तोंडून तिनं घाट ऐकला होता, पण ऐकलेल्या जागी चूल मांडता येत नाही. आपण जाणार तिथं चढ केवढा, पाणी कुठं, गाडी दारावरनं जाते की डोक्यावरनं, हे तिला डोळ्यांनी बघायचं होतं. शिमग्यालाच तिनं रायबाला सांगितलं होतं, "करून दावा मला. मग सांगते, येनार का न्हाई."

आता रायबा करून दाखवत होता आणि त्याचं काही जमत नव्हतं.

सामान झकास जमलं होतं. फुटक्या घागरींचे गळे बोगद्यांना, पळसाचं पान घडी घालून खोलीला, बाभळीच्या ठोकळ्यांचे डबे, सुपारीच्या चकत्यांची चाकं. इंजिन तर असं फक्कड झालं होतं की विचारू नका. आडवं, निमुळतं, काजळानं माखलेलं, आणि पोटात निखारा टाकला की तोंडातून धूर. ते कशाचं केलंय हे रायबा सांगत नव्हता. ओट्यावर गेनबा सकाळपासून आपली चांदीच्या कड्याची चिलीम शोधत होता आणि घरातल्या प्रत्येकाला चोर म्हणत होता.

पण गाडी चढेना. रायबानं लाईन काढली होती पायथ्यापासून थेट माथ्यापर्यंत. दोरी ओढली की गाडी अर्ध्यात जाऊन लटपटायची आणि उलटी सुटायची. एकदा थोरल्या जावेच्या, धोंडाबाईच्या रांगोळीतून गेली. एकदा तर गेनबाच्या पोह्यांच्या पितळीत जाऊन उभी राहिली.

"आलं ठेसन," गेनबा म्हणाला आणि इंजिनासकट पितळी पुढं ढकलली. आपलीच चिलीम आपल्याच पोह्यांत रुतलीय, हे त्याला दिसलं नाही.

भागूनं इंजिन पुसून घेतलं. "असा सरळ डोंगूर बैलसुदीक चढत न्हाई. तुमचं साहेबाचं इंजिन चढतंय?"

"मागनं दुसरं इंजिन ढकलतं की."

"तरीबी. तुमी बघितलाय का घाट, पुरा?"

रायबा डब्याचं चाक नीट बसवायला लागला. इथं त्याची गोम होती. ग्यांगमनला लाईनीचा एक तुकडा तोडून दिलेला असतो. त्यातला खिळान् खिळा त्याच्या ओळखीचा. पण गावाला येताना तो खंडाळ्याहून वरच्या वर पुण्याला यायचा. खालचा घाट त्यानं बघितला होता एकदाच, नोकरीला लागला तेव्हा, मालडब्यात बसून. आणि तेव्हाही निम्मा वेळ झोपला होता.

"डोळं मिटा," भागू म्हणाली. "खालनं निघालाव. काय काय लागतंय?"

"पळसदरी. मग ठाकूरवाडी. मग बोगदं, येक झाला की येक. मग…" रायबानं डोळे मिटलेलेच ठेवून हात हवेत फिरवला. "आगं, व्हय की! मग उलटं ठेसन. तितं म्या जागा झालो. गाडी जाऊन हुबीच ऱ्हायली. म्होरं रूळ सपलं, खाली दरी. मला वाटलं, आता काय? तर इंजिन सोडलं न् शेपटाला नेऊन लावलं. शेपूट व्हतं त्येचं तोंड झालं. आन गाडी आली तिकडंच माघारी निघाली."

"खाली?"

"न्हाई गं. वरच्या अंगाच्या लाईनीनं. वर खंडाळ्याला."

"मंजे लांबनं बघनाऱ्याला वाटनार, गाडी माघारी चालली."

"व्हय."

"आन ती चालली असनार वर."

"व्हय की."

भागू हसायला लागली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. रायबाला वाटलं, आपल्या आठवणीला हसतेय.

"आता ह्येच करा," ती म्हणाली. "उलटं ठेसन चांगलं मोठं करा. आन त्येचं टोक भोरच्या दिशेला आलं पायजे."

"भोरच्या? तितं तर दरी—"

"करा म्हनते ना."

*

धोंडाबाई थोरली. गेनबाची बायको. तिला गेनबानं बजावून पाठवलं होतं, माझी चिलीम कुणी घेतली ते हेरून ये. तिनं इंजिनाकडं एकदाच बघितलं. वर्षानुवर्षं जी चिलीम ती राखेनं घासत आली होती, ती काजळ फासून तिला फसवणार होती होय?

"भागे," ती म्हणाली, "ह्या इंजिनानं माज्या हातचा लई तंबाकू वडलाय."

भागूचा हात दोरीवर थांबला. रायबानं मान खाली घातली. धोंडाबाईनं एक हाक मारली असती की घाट, बोगदे, सगळं गेनबाच्या जोड्याखाली गेलं असतं, आणि भागूचं जाणंही.

"वडून बघा की, जाऊबाई," भागूनं दोरी पुढं केली.

धोंडाबाईनं दोरी घेतली ती उपकार केल्यासारखी. गाडी निघाली. एका घागरीच्या गळ्यातून आत गेली, दुसऱ्यातून बाहेर आली. उलट्या ठेसनात थांबली. रायबानं इंजिन काढून शेपटाला लावलं, दोरी बदलली. गाडी माघारी वळून सरसर वर निघाली, आणि माथ्यावरच्या पळसाच्या पानाशी जाऊन थांबली.

"ही काय?"

"आमची खोली," भागू म्हणाली.

धोंडाबाई त्या पानाकडं बघत राहिली. एक चूल मावेल एवढी जागा. कुणाचा हुकूम मावेल एवढी नाही.

"मला चोरून नेनार हाय व्हय गं ह्यो?" तिनं हळूच विचारलं. "आपलं, तुला?"

भागूनं खरं ते सांगितलं. भाऊबीजेला माझा भाऊ ज्ञानू बैलगाडी घेऊन येणार. माहेर भोरच्या बाजूला, नीरेकाठी. तिकडं मी जाणार म्हटलं तर पुण्याला पाठ करून जाणार. थोरल्या दिरांना काय, बरंच वाटेल. भोरातनं पुण्याला सर्विस मोटार सुटते. पुण्याच्या ठेसनावर हे उभे असतील.

रायबानं हे आत्ता पहिल्यांदाच ऐकलं. "म्या? हुबा आसंन?"

"असाल ना?"

"असंन की!"

धोंडाबाई खाली बसली. भागू गेली की दळण, भात, शेण, सगळं तिच्या अंगावर येणार होतं. हे कळायला तिला शाळा लागत नव्हती. पण दुसरंही एक तिच्या डोक्यात होतं. तिचा भाऊही दरसाल भाऊबीजेला गाडी घेऊन यायचा. दरसाल गेनबा म्हणायचा, भात उभं हाय. दरसाल तो रिकामी गाडी घेऊन जायचा. मग यायचाच थांबला.

"म्या कायबी बघितलं न्हाई," ती उठत म्हणाली. "पर भागे, मला त्या खऱ्या बोगद्यातनं न्यायाचं. डोकं भायेर काढून बसनार म्या."

"डोकं आतच ठिवा, वैनी," रायबा म्हणाला.

ओट्यावर जाऊन तिनं गेनबाला सांगितलं, "अवं, चिलीम उंदरानं नेली असंल."

"चांदीचं कडं उंदीर खातो?"

"तुमच्या घरातला उंदीर कायबी खाईल."

*

भाऊबीजेला बनाबाई आली. गेनबा-रायबाची थोरली बहीण, वेल्ह्यात दिलेली. तिचं पान आणि तिची जीभ, दोन्ही कायम रंगलेली. आल्या आल्या तिनं आगगाडी बघितली, मागं ढकलायला इंजिन नाही हे ऐकलं, आणि कमरेची चुन्याची पितळी डबी काढून दिली. "ही लावा मागं. घरात ढकलायचं काम माजंच हाय." भागूनं तिला पाणी देताना काय सांगितलं ते बाकीच्यांना ऐकू आलं नाही, पण बनाबाईला ठसका लागला आणि तो बराच वेळ थांबेना.

त्याच दुपारी ज्ञानू गाडी घेऊन दारात उतरला.

गेनबा पाटावर बसला होता. कपाळाला कुंकू लागलं होतं, डोक्यावर तांदूळ पडले होते. बनाबाईनं निरांजनाचं ताट हातात घेतलं आणि तशीच उभी राहिली.

"ओवाळ की, आक्का."

"आदी सांग. त्यो पोरगा बहिनीला न्याया आलाय. धाडतूस का?"

"भात हुबं हाय, आक्का."

"माज्या घरीबी हुबं हाय. म्या आले न्हवं तुला ओवाळाया? माज्या दिरानं म्हनलं असतं भात हुबं हाय, तर तू हितं कोरड्या कपाळानं बसला असतास."

"तुजी गोष्ट येगळी."

"का? म्या तुजी भन आन ती कुनाची कुनीच न्हाई?" बनाबाईनं ताट खाली केलं. "ऱ्हावदे मग. बस पाटावर. उठलास तर ओवाळनी मोडली, आन त्येचं काय व्हईल ते गावाला इचार."

गेनबा पाटावर अडकला. उठता येईना, बसवेना. त्यानं मदतीला बायकोकडं बघितलं. धोंडाबाई चुलीतल्या निखाऱ्याशी खेळत होती. निखारा चिमट्यात धरून ती थेट अंगणात गेली आणि तो इंजिनात टाकून आली. धूर निघाला. गेनबाच्या नाकपुड्या फुलल्या.

"वास वळखीचा येतोय," तो म्हणाला.

"दिवाळीचा असंल," बनाबाई म्हणाली. "बोल. धाडतूस?"

गेनबानं डोकं चालवलं. चालवलं की ते कुठं जातं हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून सगळे वाट बघत थांबले.

"पाव्हनं," त्यानं ज्ञानूला विचारलं, "जानार कुन्या वाटंनं? पुन्याकडनं न्हाई ना?"

"पुन्याला कशापायी, दाजी? आमी नीरेकाठची मान्सं. नसरापूरला मुक्काम, आन पुन्याला पाठ करून सरळ भोर."

"आन तू रं, रायबा? तूबी जानार सासुरवाडीला?"

"म्या न्हाई. म्या उद्या तुमच्याबरूबर भात कापतो. परवा माजा मी येकटा जातो कामावर."

गेनबाच्या तोंडावर दिवाळी आली. बायको भोरकडं, नवरा पुण्याकडं. एवढं लांब त्यालाही त्यांना ठेवता आलं नसतं. तो गोठ्याकडं वळून मोठ्या मनानं म्हणाला, "चंद्रे, तुज्या मालकिनीला म्हनावं, जा. दोन दीस ज्यादा ऱ्हा पायजे तर. पर तुळशीच्या लग्नाला गाडी सुटली पायजे."

दाराआडून भागूचा आवाज आला. "चंद्रे, त्येंला सांग, तुळशीच्या लग्नाच्या आत गाडी सुटंल."

बनाबाईनं ओवाळलं. ज्ञानूला भागूनं ओवाळलं. सगळ्यांनी पुरणपोळ्या खाल्ल्या आणि सगळ्यात जास्त गेनबानं खाल्ल्या. भागूचं गाठोडं गाडीत चढवताना तो स्वतः पुढं झाला. "माहेराला एवढं जड गाठोडं?"

"पाटा-वरवंटा हाय आत," धोंडाबाई म्हणाली. "तिच्या आईचा फुटलाय." पाटा-वरवंटा तिनंच भरला होता. आणि गाडी हलताना ती ज्ञानूच्या कानाशी लागून म्हणाली, "जाताना माज्या भावाच्या घरावनं जा. सांग, औंदा ये. रिकामी न्हाई जानार गाडी."

*

रायबानं दुसऱ्या दिवशी दोन गड्यांचं भात कापलं. तिसऱ्या दिवशी पहाटे तो शीळ घालत वेल्ह्याच्या वाटेला लागला. एवढ्या आनंदानं कामावर जाणारा माणूस बघून गेनबाला शंका यायला हवी होती. पण शंका यायला बायकांच्या डोक्यात काहीतरी असतं हे मान्य करावं लागतं, आणि तिथं गेनबाची तयारी नव्हती.

त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं किल्ल्याची जागा मोकळी करायला घेतली. बनाबाई ओट्यावर पान लावत बसली होती. गेनबानं पहिलं इंजिन उचललं. काजळाखाली बोटाला काहीतरी लागलं. त्यानं धोतराच्या सोग्यानं घासलं. चांदीचं कडं.

"माजी चिलीम!"

"पोह्यांतबी व्हती की तुज्या," बनाबाई म्हणाली. "शिट्टी तेवढी मारली न्हाई."

गेनबा चिलीम हातात घेऊन घाटाकडं बघत उभा राहिला. गाडीचे डबे उलट्या ठेसनात उभे होते. त्यानं वाकून एक ढकलला. डबा भोरच्या टोकाला गेला. रूळ तिथं संपले होते. त्यानं दुसऱ्या बाजूनं ढकलला. डबा माघारी आला, पण आल्या वाटेनं नाही. वरच्या अंगाला गेला. एक बोगदा, दुसरा बोगदा, आणि पळसाच्या पानाशी जाऊन थांबला.

गेनबानं पानाकडं बघितलं. मग भोरच्या टोकाकडं. मग पुन्हा पानाकडं.

"आक्का," तो म्हणाला. "भोरातनं… भोरातनं मोटार सुटती का गं पुन्याला?"

"सुटती की. रोज."

चिलीम टाकून गेनबा धावला. फाटकापाशी जाऊन थबकला.

"कुनीकडं पळतूस?" बनाबाईनं पिंक टाकली. "भोरला का पुन्याला?"

भोरला जावं तर ती निघालेली असणार. पुण्याला जावं तर ती खंडाळ्याला पोचलेली असणार. खंडाळ्याला जायचं तर बोगद्यातनं जायचं, आणि बोगद्याच्या गोष्टी गावभर सांगून सांगून आता त्या त्याला स्वतःलाच खऱ्या वाटायला लागल्या होत्या. एक पाय इकडं, एक पाय तिकडं, असा तो फाटकात उभा राहिला.

धोंडाबाई दोन विळे घेऊन बाहेर आली. एक तिनं फाटकाच्या खांबाला टांगला. नवऱ्याशी ती बोलली नाही. गोठ्याकडं तोंड करून, खणखणीत आवाजात म्हणाली, "चंद्रे, मालकाला सांग, भात हुबं हाय. भागीची कापायची पात आता त्येंच्याकडं."

चंद्रीनं मान हलवली.

गेनबानं वर तोरण्याकडं बघितलं. तोरण्यानं काही हुकूम सोडला नाही. मग त्यानं विळा घेतला.

तो बांधापलीकडं दिसेनासा झाल्यावर धोंडाबाई घाटापाशी बसली. एक डबा तिनं उचलला, फुंकर मारून माती उडवली आणि उलट्या ठेसनात नेऊन उभा केला. तोंड भोरकडं.

"वन्सं," तिनं विचारलं, "बोगद्यात खरंच कायबी दिसत न्हाई?"

"म्या कुठं बघितलाय?" बनाबाई म्हणाली आणि चुन्याची डबी त्या डब्याच्या मागं नेऊन टेकवली.